प्रश्नोत्तराच्या तासातले भाऊसाहेब

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की वऱ्हाडात दोन कार्यक्रम लागोपाठ होतात. २५ तारखेला आपण मनुस्मृती दहनाचा दिवस पाळतो आणि २७ तारखेला अमरावती-अकोल्यात डॉ. पंजाबराव उर्फ भाऊसाहेब देशमुखांची जयंती होते. पहिल्या कार्यक्रमाला दुसऱ्या कार्यक्रमातली माणसे फारशी येत नाहीत आणि दुसऱ्याला पहिल्यातली. दोन्ही दिवसांचा उगम मात्र १९२७ या एकाच सालाशी येऊन भिडतो, हे दोन्हीकडचे आयोजक विसरले आहेत. म्हणून हा लेख.

जयंतीच्या व्यासपीठावरून दरवर्षी एक वाक्य हमखास ऐकू येते, की भाऊसाहेब हे भारताचे पहिले कृषिमंत्री. आमचे म्हणणे असे की चळवळीच्या माणसाने आपल्या माणसाबद्दलही खोटे बोलू नये. १९४७ साली अन्न व शेती खाते राजेंद्र प्रसादांकडे होते, त्यांच्यानंतर जयरामदास दौलतराम आले, मग कन्हैयालाल मुन्शी. भाऊसाहेब शेती खात्याचे मंत्री झाले ते पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर, १९५२ साली, आणि १९६२ पर्यंत राहिले. त्या दहा वर्षांतही त्यांच्या डोक्यावर अन्न व शेती खात्याचा कॅबिनेट मंत्री होताच. आधी रफी अहमद किडवाई, मग अजितप्रसाद जैन, मग स. का. पाटील. तिघे आले आणि गेले, कास्तकाराच्या घरातून आलेला हा वऱ्हाडी माणूस मात्र दुसऱ्या पायरीवरच राहिला. जिथे धोरण ठरे त्या मंत्रिमंडळाच्या बैठकीत त्याला खुर्ची नव्हती. त्या धोरणाबद्दल लोकसभेत उभे राहून उत्तर देण्याची पाळी मात्र त्याच्यावर वारंवार येई. भाऊसाहेबांच्या आयुष्याची सारी गोम आम्हाला इथे दिसते. पहिला कृषिमंत्री म्हणून हार घातला की ही गोम झाकली जाते.

संसदेतला प्रश्नोत्तराचा तास म्हणजे काय, हे आपल्या नव्या पोरांना नीट सांगितले पाहिजे. खासदार आधी लेखी प्रश्न देतो. तारांकित प्रश्नाला मंत्र्याने तोंडी उत्तर द्यायचे असते आणि त्यावर उपप्रश्न येतात. खात्याच्या बाबूंनी लिहून दिलेला कागद वाचून पहिले उत्तर निभावते, उपप्रश्नाला मात्र कागद नसतो. तिथे मंत्र्याला खाते कळते की नाही ते साऱ्या सभागृहाला दिसते. अतारांकित प्रश्नाचे उत्तर छापून येते, त्यात उलटतपासणी नाही. २०२० च्या पावसाळी अधिवेशनात कोरोनाचे कारण सांगून हा तासच रद्द केला गेला आणि फक्त लेखी उत्तरे ठेवली गेली, तेव्हा या फरकाची किंमत काहींना कळली. खुद्द बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. केंद्रीय विधिमंडळात त्यांनी दिलेली उत्तरे महाराष्ट्र शासनाने छापलेल्या लेखन आणि भाषणांच्या दहाव्या खंडात आहेत. खाणकामगार स्त्रिया, महागाई भत्ता, रोजगार विनिमय केंद्रे असे विषय त्यात येतात. हा खंड आपल्याकडे घरोघर आहे, पण उघडला किती घरी जातो?

भाऊसाहेब २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावी जन्मले. वडील शामराव, आई राधाबाई. घर शेतकऱ्याचे. शिक्षण पापळ, चांदूर रेल्वे, कारंजा, अमरावती असे गाव बदलत झाले, पुढे पुण्याचे फर्ग्युसन आणि १९२० साली विलायत. मुलाला विलायतेस पाठवण्यासाठी बापाने कर्ज काढले. तिकडे हा कुणब्याचा पोरगा बॅरिस्टर तर झालाच, पण डॉक्टरेटसाठी त्याने निवडलेला विषय बघा. वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास! ज्या वेदाचा शब्द कानावर पडू नये म्हणून शूद्राच्या कानात शिसे ओतायला सांगणारी शास्त्रे या देशात होती, त्या वेदावर शूद्राने विलायतेत बसून प्रबंध लिहिला. तो पुढे १९३३ साली ग्रंथरूपाने निघाला. त्याच विलायतेत त्याच सुमारास आणखी एक शूद्रातिशूद्र विद्यार्थी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहीत होता, हे वाचकांना सांगायला नको.

परत आल्यावर भाऊसाहेबांनी अमरावतीत गरीब मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढले. मूठमूठ धान्य गोळा करून ते चालवले. त्याला मुष्टिफंड म्हणत. १९२७ साली शेतकरी संघ काढला आणि महाराष्ट्र केसरी नावाचे पत्र चालवले. त्याच साली त्यांनी मुंबईच्या विमलाबाई वैद्य यांच्याशी लग्न केले. नवरा कुणबी-मराठा, नवरी सोनार. आज जातीबाहेर लग्न केले म्हणून पोरापोरींचे मुडदे पडतात. त्या काळी अमरावतीसारख्या गावात हे लग्न करून समाजकारणात उजळ माथ्याने उभे राहणे ही लहान गोष्ट नव्हती.

आणि त्याच १९२७ साली अंबादेवीचा प्रश्न उभा राहिला. अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून वऱ्हाडातले अस्पृश्य पुढारी झगडत होते. १३ व १४ नोव्हेंबरला इंद्रभुवन थिएटरात वऱ्हाड प्रांतिक अस्पृश्य परिषद भरली. अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. महाडचे तळे मार्चमध्ये झाले होते, मनुस्मृती जळायला अजून सहा आठवडे होते. परिषद चालू असतानाच बाबासाहेबांना तार मिळाली की मुंबईत थोरले बंधू बाळाराम वारले. घरचे दुःख गिळून त्यांनी परिषदेचे काम पुरे केले. देवस्थानच्या मंडळींनी मुदत मागितली आणि सत्याग्रह तीन महिने पुढे ढकलला गेला. या सगळ्या लढ्यात सवर्ण समजल्या जाणाऱ्या बाजूने जो माणूस उघडपणे अस्पृश्यांच्या बरोबर होता तो २९ वर्षांचाही न झालेला बॅरिस्टर पंजाबराव देशमुख. त्यांच्या स्वतःच्या जातीतले लोक काय म्हणत असतील याची कल्पना ज्याला वऱ्हाडातली पाटीलकी ठाऊक आहे त्याने करावी.

पुढच्याच साली ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करण्याचे काम हाती घेतले. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी कर वाढवण्याचेही धाडस केले. मंदिराचे दार पंचांच्या हाती होते, विहिरीचे कौन्सिलच्या हाती. ज्याच्या हाती जे आहे ते त्याने उघडावे, एवढे साधे तत्त्व. आम्हाला हा अध्यक्ष दिल्लीच्या मंत्र्यापेक्षा मोठा वाटतो, आणि असे म्हणताना दिल्लीच्या मंत्र्याचा अपमान करण्याचा हेतू नाही.

१९३० साली ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदे कौन्सिलात निवडून गेले आणि शिक्षण, शेती वगैरे खात्यांचे मंत्री झाले. मंत्री म्हणून प्रश्नांना उत्तरे देण्याचा पहिला धडा त्यांनी नागपुरात गिरवला. तो काळ द्विदल राज्यपद्धतीचा. शिक्षण आणि शेती ही खाती लोकनियुक्त मंत्र्याकडे आणि तिजोरी गव्हर्नरच्या माणसाकडे! शाळा का नाही असे विचारले तर उत्तर पंजाबरावांनी द्यायचे, पैसा मात्र दुसऱ्याच्या कुलपात. तरीही त्यांनी १९३२ साली हिंदू देवस्थान संपत्ती बिल आणले. देवळांत साचणारा पैसा लोकांच्या शिक्षणावर आणि सार्वजनिक कामावर खर्च व्हावा असा त्याचा रोख होता. अंबादेवीच्या दारात जे मिळाले नाही त्याचा हिशेब ते तिजोरीच्या बाजूने मागत होते, असे आम्हाला म्हणावेसे वाटते. सनातन्यांनी गदारोळ केला आणि बिल बारगळले. देवस्थानांच्या सोन्याचा प्रश्न अजूनही कोणी मंत्री सुखासुखी अंगावर घेत नाही. १९३३ चा कर्ज लवाद कायदाही त्याच काळातला. सावकाराच्या वहीत अडकलेल्या शेतकऱ्याचे कर्ज तडजोडीने कमी करण्याची सोय त्यात होती. ज्याच्या बापाने कर्ज काढून पोराला शिकवले त्याला सावकाराची वही परकी नव्हती. १९३२ सालीच श्री शिवाजी शिक्षण संस्था सुरू झाली. तिच्याबद्दल फार लिहीत नाही, कारण वऱ्हाडातला निम्मा बहुजन समाज तिच्या वर्गांतून उठलेला आहे आणि तिचे गुण-दोष त्याला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत.

आता संविधान सभा. भाऊसाहेब तिचे सदस्य होते आणि बोलकेही होते. शेतकरी आणि मागासवर्ग यांच्या बाजूने त्यांनी अनेक दुरुस्त्या सुचवल्या. पण एक गोष्ट झाकून ठेवणे आम्हाला जमणार नाही. ऑगस्ट १९४९ मध्ये नागरिकत्वाच्या कलमावर बोलताना त्यांनी अशी दुरुस्ती मांडली की जो धर्माने हिंदू किंवा शीख आहे आणि दुसऱ्या कोणत्या देशाचा नागरिक नाही, तो कुठेही राहत असला तरी भारताचा नागरिक होण्यास पात्र असावा. बाबासाहेबांच्या मसुद्यात धर्म हा नागरिकत्वाचा निकष नव्हता आणि सभेने तोच मार्ग धरला. सत्तर वर्षांनी, २०१९ साली नागरिकत्व कायद्यात धर्माचा उल्लेख आला तेव्हा ही जुनी दुरुस्ती काहींनी हौसेने उकरून काढली. अंबादेवीच्या दारात बाबासाहेबांबरोबर असलेला माणूस या एका प्रश्नावर त्यांच्यापासून दूर उभा राहिला. वेदांवर प्रबंध लिहून वेदांची चिकित्सा करता येते, पण धर्माच्या कुंपणाबाहेर येणे ही वेगळी मजल असते.

१९५२ साली भाऊसाहेब अमरावतीतून काँग्रेसतर्फे लोकसभेत गेले. पुढे १९५७ आणि १९६२ लाही तिथूनच निवडून आले. बाबासाहेब त्याच १९५२ साली मुंबईत काँग्रेसकडून पडले आणि राज्यसभेत विरोधी बाकावर बसले. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही काँग्रेसने त्यांना पाडले. म्हणजे संविधानाचा शिल्पकार विदर्भाच्याच मातीत हरत होता आणि विदर्भाचा बहुजन मंत्री त्याला हरवणाऱ्या पक्षाच्या बाकावर होता. हे चित्र आमच्या वडीलधाऱ्यांना बोचले असेल तर त्यांना दोष देता येत नाही.

मंत्री म्हणून त्यांच्यापुढे काय काय येत असे? अन्नटंचाई, अधिक धान्य पिकवा मोहीम, टोळधाड, खत, ट्रॅक्टर, गुरांचे रोग, जंगल. जपानी पद्धतीने भात लावण्याची मोहीम त्यांच्याच काळातली आणि त्यांच्या आवडीची. रांगेत लावणी, निवडक बियाणे, खताची मात्रा, कोळपणी एवढाच तिचा अर्थ होता, पण ती गावोगाव नेली गेली. शेती कळणारा मंत्री उपप्रश्नाला घाबरत नाही. अडचण वेगळीच होती. आपल्या संविधानात शेती आणि जमीन हे दोन्ही विषय राज्यांच्या सूचीत आहेत. दिल्लीचा कृषिमंत्री बियाण्यावर बोलू शकतो, संशोधनावर बोलू शकतो, अनुदान देऊ शकतो. जमीन कोणाची, हा प्रश्न आला की तो राज्याकडे बोट दाखवायला मोकळा असतो, किंवा बांधलेला असतो म्हणा. नागपुरात तिजोरीला कुलूप होते, दिल्लीत जमिनीला.

आणि जमिनीचाच प्रश्न तर आपला होता. वऱ्हाडात कापूस कोणाच्या वावरात पिकतो आणि तो वेचतो कोण? सालदार कोण, डवऱ्यामागे कोण, वेचणीच्या बाया कोणत्या वस्तीतून येतात? कृषिमंत्री शेतकऱ्याच्या वतीने उत्तर देत होता, शेतमजुराच्या वतीने त्या बाकावरून उत्तर देणारा कोणी नव्हता. किमान वेतनाचे बिल १९४६ साली बाबासाहेबांनी मजूर खात्यातून आणले, १९४८ साली कायदा झाला आणि त्याच्या परिशिष्टात शेतीतली मजुरीही आली. पण अंमलबजावणी पुन्हा राज्यांकडे. शेती खाते म्हणणार मजुरी मजूर खात्याची, मजूर खाते म्हणणार अंमल राज्याचा, राज्य म्हणणार गावात तक्रारच नाही. तक्रार करणार कोण, दुसऱ्या दिवशी कामाला जायचे कोणाच्या वावरात?

१९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेवर शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे खासदार निवडून आले. नाशिकहून दादासाहेब गायकवाड, कोपरगावहून बी. सी. कांबळे. पाच वर्षे ही माणसे विरोधी बाकांवर आणि समोर शेती खात्याच्या बाकावर भाऊसाहेब. दादासाहेबांनी १९५९ साली भूमिहीनांचा सत्याग्रह केला, लोक तुरुंगात गेले. पडीत आणि गायरान जमीन कसणाऱ्याला द्या, एवढीच मागणी होती. अंबादेवीच्या वेळी एका बाजूला असलेले दोन प्रवाह तीस वर्षांनी लोकसभेच्या दोन बाजूंना बसले होते. याचा दोष एकट्या भाऊसाहेबांचा नाही. काँग्रेसने बहुजन शेतकऱ्याला सत्तेच्या ओसरीवर घेतले आणि अस्पृश्याला अंगणात ठेवले. ओसरीवरचा माणूस अंगणातल्याला विसरतो, हे तिला पक्के ठाऊक होते.

ओबीसींच्या प्रश्नावर भाऊसाहेबांचे ऋण मोठे आहे, आणि तक्रारही तिथेच मोठी आहे. १९५० साली अखिल भारतीय मागासवर्ग महासंघ उभा राहिला त्याचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. वऱ्हाडातल्या मराठ्यांनी कागदावर कुणबी लिहावे हा सल्ला त्यांचाच, असे इकडे घरोघर सांगतात. ज्यांनी ऐकले त्यांच्या नातवंडांना ओबीसीच्या सवलती मिळाल्या. २०२३ पासून मराठवाड्यात कुणबी नोंदींसाठी कागदपत्रे धुंडाळली गेली तेव्हा वऱ्हाडात हे काम कधीच होऊन गेले होते. पण ३४० व्या कलमाखालचा आयोग नेमला नाही हे कारण सांगून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले होते. हिंदू कोड बिल हे एकच कारण आपल्या भाषणांत येते, हे दुसरे कारण ओबीसी बांधवांना कोणी सांगत नाही. पुढे १९५३ मध्ये काकासाहेब कालेलकरांचा आयोग आला, १९५५ मध्ये अहवाल आला, २३९९ जाती मागास ठरल्या आणि सरकारने तो अहवाल नाकारला. महासंघाचे अध्यक्ष तेव्हा सरकारात मंत्री होते. ते मंत्री राहिले. महासंघात फूट पडली आणि बिहारचे आर. एल. चंदापुरी वेगळे झाले. मंडल आयोगाची अंमलबजावणी जाहीर व्हायला १९९० उजाडले. राजीनामा दिला असता तर चित्र बदलले असते का, कोण सांगणार? शिवाजी संस्था, कृषक समाज, खात्यातली कामे या सगळ्यांना मंत्रिपदाची सावली लागत होती, हेही खरे. पण प्रश्नोत्तराच्या तासाला स्वतःच्याच समाजाचा प्रश्न आला की सरकारचे उत्तर वाचावे लागते. ती वेळ बाबासाहेबांनी स्वतःवर येऊ दिली नाही.

१९५५ साली त्यांनी भारत कृषक समाज काढला. १९५९ च्या डिसेंबरात दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवले, उद्घाटनाला अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर आले. धोतर नेसलेला कास्तकार रेल्वेने दिल्लीला गेला आणि जगाची यंत्रे पाहून परतला. काही महिन्यांतच, मे १९६० मध्ये, त्यांच्या वरच्या मंत्र्याने, स. का. पाटलांनी, अमेरिकेकडून पी. एल. ४८० खाली चार वर्षांच्या गव्हाचा करार केला. शेतकऱ्याचे संघटन करणारा मंत्री खाली आणि परदेशी गव्हाचा करार करणारा वर! १९६२ साली निवडून येऊनही भाऊसाहेबांना मंत्रिमंडळात घेतले नाही.

अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. ते २० ऑक्टोबर १९६९ ला सुरू झाले, तेही विदर्भाने आंदोलन केल्यावर. त्याच अकोल्यातून १९९८ आणि १९९९ साली बाळासाहेब आंबेडकर लोकसभेवर गेले. दलित आणि छोटे ओबीसी यांची जी मोट त्या जिल्ह्यात बांधली गेली, तिला अकोला पॅटर्न म्हणतात. २००६ साली पंतप्रधान शेतकरी आत्महत्यांसाठी पॅकेज घेऊन विदर्भात आले तेव्हा सहा जिल्ह्यांच्या यादीत अमरावती आणि अकोला दोन्ही होते. ३७५० कोटींच्या त्या पॅकेजची भाषा सातबाराची होती. ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याचा आकडा कोणत्या उत्तरात आला, हे शोधून पाहावे.

भाऊसाहेबांच्या आयुष्यातला शेवटचा हिवाळा १९६४-६५ चा. ६ डिसेंबर १९६४ पासून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाचा देशव्यापी भूमिहीन सत्याग्रह सुरू झाला. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना मागण्यांची सनद दिली गेली होती. पडीत जमीन भूमिहीनांना द्या, किमान वेतन अमलात आणा, बौद्धांना सवलती द्या, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावा. तुरुंग भरले, त्यात बायाही मुलाबाळांसह गेल्या. भाऊसाहेब तेव्हा मंत्री नव्हते, साधे खासदार होते. प्रश्न विचारण्याच्या बाजूला आले होते.

१० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. अमरावतीच्या पोटनिवडणुकीत विमलाबाई निवडून आल्या आणि त्याच सभागृहात गेल्या. बाबासाहेबांचे तैलचित्र मध्यवर्ती सभागृहात लागायला १२ एप्रिल १९९० उजाडले.